फलाट क्रमांक लिंबू

"लक्ष द्या, लक्ष द्या! लिंबाच्या फलाटावर वकील येऊन उभे आहेत. काळा कोट, पांढरा पट्टा, सोबत अशील नाही. थांबा अगदीच थोडा आहे, तरी इच्छुकांनी नोंद घ्यावी."

खिडकीच्या आतून बाईंचा आवाज आला, "वकील करतोय काय?"

"पानावर बसतोय. उठतोय. पुन्हा बसतोय."

"पोटाचं टोक वाकवून पानाला टेकवतोय का?"

अनाउन्सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "टेकवतोय खरा."

"मग ती वकिलीणबाई आहे. अंडी घालतेय. तसं लिहा."

"अगं, पण काळा कोट..."

"कोट बायकाही घालतात. लिहा."

अनाउन्सर आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, बॉलपेनने लिहून आले. बागेत परत येईतो वकिलीणबाई कामकाज आटोपून निघून गेल्या होत्या. "गाडी सुटलेली आहे," त्यांनी जाहीर केले आणि झारी उचलली.

माणूस निवृत्त होतो, त्याचा आवाज होत नाही. अनाउन्सरांची सगळी नोकरी बसस्थानकाच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. गावातल्या प्रत्येक माणसाने त्यांना ऐकले होते आणि जवळजवळ कुणीच पाहिले नव्हते. देवाखालोखाल ही सोय फक्त त्यांनाच होती. त्यांच्या आवाजात ना घाई असे, ना दिलगिरी. गाडी वेळेवर लागो की वाटेत बंद पडो, आवाज तोच, नुकताच जेवून उठल्यासारखा. लोक त्या आवाजाला शिव्या देत, पण त्याच्यावर अविश्वास दाखवल्याचे उदाहरण नव्हते. एकदा गाडी फारच रखडली, गर्दी खवळली आणि डेपो मॅनेजर केबिनमध्ये येऊन म्हणाले, "सांगून टाका हो, गाडी आवारात शिरतेय म्हणून. तेवढेच लोक शांत होतील." अनाउन्सर म्हणाले, "न आलेली गाडी मी लावत नाही, साहेब." पुढच्या काही मिनिटांत लोकांनी केबिनची काच फोडली. त्यावर लाउडस्पीकरवरून त्याच आवाजात घोषणा झाली, की केबिनची काच फुटलेली आहे, प्रवाशांनी अनवाणी फिरू नये.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून सगळ्या गल्लीच्या बाई. फुलपाखरांचे वेड त्यांचे. घरामागे ओढणीएवढी बाग, तिच्यात लिंबू, कण्हेर, झेंडूचा वाफा आणि मागच्या भिंतीकडे पेरू. तिथे कोण केव्हा आले, त्या ऋतूत पहिल्यांदा केव्हा दिसले आणि शेवटचे केव्हा, हे त्या कॅलेंडरच्या चौकोनात टिपत. लिहीत नसत, रंगवत. तांदळाएवढे फुलपाखरू, बारीक कुंचल्याने. नावेही त्यांनीच पाडलेली. काळ्या पंखांवर पांढरा पट्टा असलेला तो वकील, जमिनीलगत भिरभिरणारी ती हळदी, कुठेच न बसणारा पांढरा तो विनाथांबा, पंखांवर डोळे असलेला तो डोळस. महिना संपला की कॅलेंडरचे पान फाडून त्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेला पाठवत. ही प्राध्यापिका ठिकठिकाणच्या घरगुती बागांमधल्या अशा नोंदी गोळा करी. गल्लीत तिला कुणी पाहिले नव्हते, पण तिला 'फुलपाखरूवाली' म्हणायचे ठरले होते. शेजारचे घड्याळवाले म्हणत, "लोक पोरांच्या प्रगतिपुस्तकावर सही करत नाहीत वेळेवर, आणि या बाई किड्यांची हजेरी पोस्टाने पाठवतात."

मग बाईंची नजर मधूनच पुसली जाऊ लागली. अगदी मधूनच. कडेचे दिसे, समोरचे दिसेना. माणूस आला की त्याचे कान दिसत, चेहरा नाही. पुढे कडाही गेल्या आणि उजेड कुठल्या बाजूला आहे एवढेच कळायचे राहिले. त्या दिवशी त्यांनी कुंचले धुतले, पुसले, डब्यात आडवे ठेवले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा, मी ऐकते."

अनाउन्सरांना फुलपाखरांतले काही म्हणजे काही कळत नव्हते. पण येणे आणि जाणे यांत त्यांची हयात गेली होती. त्यांनी बागेचे फलाट पाडले. फलाट लिंबू, फलाट कण्हेर, फलाट झेंडू. पेरूवर कधीच कुणी येत नसे, म्हणून तो डेपो. बाई खिडकीत खुर्ची टाकून बसत, हात खिडकीबाहेर, कोपरापासून उन्हात. बाहेरून घोषणा येई, आतून उलटतपासणी होई आणि चौकोन भरला जाई. या व्यवस्थेत बाई पुन्हा हसू लागल्या, पुन्हा चहात साखर जास्त झाल्याची तक्रार करू लागल्या. संसार रुळावर आला.

तो घसरला ढगांमुळे.

त्या हंगामात आभाळ जे दाटले ते हलेचना. पाऊस नाही, वारा नाही, नुसते राखाडी झाकण. ऊन नाही म्हटल्यावर फुलपाखरे कसली बाहेर पडतात. एक दिवस काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही, आठवडा तसाच गेला. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की जो उजेड तेवढा कळतो आहे, तोही पुढेमागे जाईल, तयारी असू द्या. कसली तयारी करायची ते मात्र त्यांनी सांगितले नाही. घरी आल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हात खिडकीबाहेर ठेवला. मग विचारले, "आज कोण आलं?"

अनाउन्सर रिकाम्या बागेकडे बघत उभे होते.

"वकील," ते म्हणाले.

"खरंच?" बाईंची मान वर झाली. "एवढ्या ढगात?"

"आलाय खरा. फलाट लिंबू."

बाई हसल्या. तेवढ्याने सगळा घोटाळा झाला. एकदा न आलेली गाडी लावली की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावावी लागते, नाहीतर प्रवासी विचारतात काल होती ती आज कुठे गेली. दुसऱ्या दिवशी हळदी आली. तिसऱ्या दिवशी वकील सहकुटुंब आले. अनाउन्सरांना हुरूप चढला. त्यांनी जादा गाड्या सोडल्या. रंग सांगू लागले, गिरक्या सांगू लागले. एके दिवशी तर, कडक उन्हाळ्याशिवाय ज्याने कधी तोंड दाखवले नव्हते, त्या डोळसालाच त्यांनी झेंडूवर आणून बसवले. घड्याळवाले भिंतीपलीकडे एका गजराच्या घड्याळाची आतडी काढून बसले होते. ते उभे राहिले, बागेकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, अनाउन्सरांकडे पाहिले आणि काही न बोलता खाली बसले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच सभ्यता असावी.

महिनाअखेरीस पान पोस्टाने गेले. काही दिवसांनी फोन आला. अनाउन्सरांनी उचलला, तर पलीकडे फुलपाखरूवाली.

"काका, अभिनंदन! तुमच्याकडे डोळस? या हवेत? अहो, माझ्याकडच्या एकाही बागेत तो दिसलेला नाही. एकाही! मी अहवालात तुमची बाग वेगळी दाखवणार आहे. काकू आहेत का?"

बाईंनी हात पुढे केला. अनाउन्सरांनी त्यात फोन ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले, केबिनची काच फुटण्यापूर्वी राहिले होते तसे.

"ऐकतेय," बाई म्हणाल्या. "हो. हो का? नाही, नाही, डोळस खोडा. आणि त्या आठवड्यातले वकील, हळदी, सगळेच खोडा. आमच्याकडून चूक झालीय. हो, आमच्याकडूनच. ठेवते."

बाईंनी फोन परत अनाउन्सरांच्या हातात दिला.

"तुला केव्हा कळलं?" अनाउन्सरांनी विचारले.

"पहिल्याच दिवशी. माझा हात खिडकीबाहेर असतो ना? त्याच्यावर ऊन नव्हतं. ऊन नसताना ती उडत नाहीत, पानाखाली चिकटून बसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, एकदाच सांगताय. माझ्यासाठी सांगताय. गोड वाटलं. आणि तुमचा आवाज. खरी गाडी आली की तुमचा आवाज कंटाळलेला असतो हो. आठवडाभर तुम्ही इतकं रंगून सांगत होतात, की मला भीतीच वाटायला लागली."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"माझ्याकडे आता बघायला तुमच्या तोंडाशिवाय दुसरं काय आहे?" बाई चढ्या आवाजात बोलत नसत, आताही बोलल्या नाहीत. "तेही खोटं बोलायला लागलं तर मी कशानं बघू? राहू द्या. बंद करू या आपण हे. खूप वर्षं झाली या नोंदींना."

अनाउन्सर कॅलेंडरपाशी गेले. त्या महिन्याचे पान तर पोस्टाने गेले होते. त्यांनी नव्या पानाच्या मोकळ्या कडेला, खोट्या निघालेल्या एकेका गाडीचे नाव लिहिले आणि प्रत्येकापुढे 'रद्द' असे लिहिले. नोकरीत हा शब्द उच्चारताना त्यांना कधी काही वाटले नव्हते.

त्यानंतर चौकोन कोरे राहू लागले. ढग गेले, ऊन आले, हातपाय लांब करून बागेत पसरले. लिंबावर वकील आलेही असतील. पण बाईंनी खुर्ची खिडकीतून उचलून आतल्या भिंतीशी नेली होती. अनाउन्सर झारीने पाणी घालत आणि मुकाट्याने आत येत. एकदा न राहवून त्यांनी खोकून सुरुवात केली, "लक्ष द्या..." आतून बाई म्हणाल्या, "दुधाला ऊत आलाय का बघा जरा." दुधाला काहीही आलेले नव्हते. अनाउन्सर समजले.

भिंतीपलीकडून घड्याळवाल्यांनी विचारले, "स्टँड बंद का?"

"प्रवासी नाहीत."

"एकच होता म्हणा," घड्याळवाले म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

असे दिवस चालले. हवेत गारवा आला. एका सकाळी अनाउन्सर झारी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले आणि उंबऱ्यातच थबकले. ऊन अजून घड्याळवाल्यांच्या भिंतीमागेच होते. त्या फिकट उजेडात पेरूचे झाड तपकिरी दिसत होते. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, फांदी न फांदी वाळलेल्या पानांनी लगडलेली.

काल संध्याकाळी तर ते बागेकडे फिरकलेही नव्हते. आता हे तिला सांगायचे की लपवायचे, असा विचार त्यांच्या मनात आला नाही असे नाही. आला, थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. ते आत आले.

"अगं, पेरू वाळलाय."

"काय?"

"वाळलाय पूर्ण. हिरवं पान दिसत नाहीये."

बाई गाद्या आवरत होत्या, तशाच थांबल्या. "परवा तर मी हात लावून आले. एका रात्रीत पेरू वाळत नाही हो. खाली पानं पडलीत का?"

अनाउन्सर पुन्हा बाहेर जाऊन आले. "एकही नाही."

"वाळलेलं पान गळायला नको?"

"नको कसं, हवं."

"मग जाऊन एकाला हात लावा."

ते गेले. सगळ्यात खालच्या फांदीवरच्या एका पानाकडे त्यांनी बोट नेले. पान उघडले. आतून गडद तपकिरी मखमल निघाली, तिच्या कडेला पांढरे ठिपके, आणि मखमलीवरून एक निळी झाक अशी सरकली, की जणू कुणीतरी दूर दिवा लावून विझवला. पान मिटले. पुन्हा वाळके झाले. त्याच्या शेजारचे पान किंचित हलले. त्याच्या शेजारचेही. अनाउन्सरांनी बोट मागे घेतले आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की झाडावर पाने दिसतच नाहीत.

ते घरात कसे आले ते त्यांना आठवत नाही. त्यांनी बाईंचा हात धरला.

"काय झालं? अहो, काय झालं? पायात चप्पल तरी घालू द्या!"

त्यांनी उत्तर दिले नाही. बाईंना हाताला धरून, झारी ओलांडायला लावून, कण्हेरीला वळसा घालून त्यांनी पेरूसमोर आणून उभे केले. तोवर ऊन घड्याळवाल्यांच्या भिंतीवर चढून अलीकडे डोकावले होते. ते पहिल्यांदा शेंड्याला लागले.

शेंडा उघडला.

दुसरा शब्द नाही. ऊन जसजसे फांदीवरून फांदीवर उतरत गेले, तसतसे झाड उघडत गेले. जे वाळके होते ते निळे झाले, मधूनच केशरी झाले, काळ्या रेघांचे, पांढऱ्या ठिपक्यांचे झाले. हजारो पंख नुसते उघडमीट करत होते, ऊब घेत होते, कुणालाही कसली घाई नव्हती. कुठून कुठे निघालेला हा तांडा वाटेत रात्र पडली म्हणून या ओढणीएवढ्या बागेतल्या एका पेरूवर उतरला होता. डेपोत!

अनाउन्सरांनी तोंड उघडले. सवयीने खोकलेही. लक्ष द्या, एवढे तरी म्हणायला हवे होते. ऊन आणि थंडी, वरात आणि अंत्ययात्रा, संप आणि पूर, सगळ्यांवर बोललेला तो आवाज घशापर्यंत आला आणि तिथेच बसला.

"सांगा ना," बाई म्हणाल्या. "हाताला ऊन लागतंय. काय आहे समोर?"

ते झाडाकडे बघतच राहिले.

"अहो?" बाईंनी त्यांचा दंड चाचपला, तिथून खांदा, तिथून गाल. गाल ओला होता. बाईंचा हात तिथेच राहिला.

मग ऊन खालच्या फांदीला लागले आणि सगळे झाड एकदम उठले.

त्याला आवाज होता. फुलपाखरांना आवाज असतो हे अनाउन्सरांना माहीत नव्हते, बाईंनाही नव्हते, कारण एकाला तो नसतोच. पण इतकी सगळी एकदम उठली तेव्हा एक मऊ, कोरडी सळसळ झाली, वाढत गेली, डोक्यावरून पसरली. परीक्षेच्या वर्गात सगळ्या मुलांनी एकाच वेळी कागद उलटावेत तशी.

बाईंचे तोंड वर झाले. "पाऊस?"

अनाउन्सरांनी मान हलवली, मग ते बाईंना दिसत नाही हे आठवून कसेबसे म्हणाले, "नाही."

"मग..." बाईंच्या कपाळाला काहीतरी चाटून गेले. मग गालाला. मग पसरलेल्या हाताला, तळव्याला, मनगटाला. वारा पडलेला असताना त्यांच्या पांढऱ्या बटा हलत होत्या. "अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारख्या. "अगं बाई! तीच आहेत. ऐकू येतायत."

भिंतीवर घड्याळवाले आले होते. डोळ्यावरची भिंगाची डबी तशीच होती, हातात चिमटा होता, तोंड उघडे होते. एक निळे त्यांच्या चिमट्यावर क्षणभर टेकले आणि गेले.

तांडा छपरावर चढला, कौलांवरून सावली धावली, आणि दक्षिणेकडे सरकत सरकत आभाळात विरला. झाड पुन्हा हिरवे झाले. पेरूच ते, पहिल्यासारखे.

"खरीच होती," बाई म्हणाल्या.

"कशावरून म्हणतेस?" आवाज परत आला होता, पण बसका.

"तुम्हाला सांगता आली नाहीत."

त्या दिवशी बाईंनी आपणहून फोन लावायला सांगितला. पलीकडे फुलपाखरूवाली इतकी ओरडली, की फोन कानापासून लांब धरूनही सगळे ऐकू येत होते. "काकू, किती होती? साधारण? हजार? पाच हजार? अंदाजे सांगा!"

"मोजता आली नाहीत, असं लिही."

"पण अंदाजे..."

"आमच्याकडे अंदाज लावत नाहीत," बाई म्हणाल्या. "आलेली तेवढीच लावतात."

अनाउन्सर खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग होते. बाईंनी खुर्ची भिंतीशी चाचपडून शोधली, ओढत खिडकीत आणली, बसल्या, आणि हात बाहेर ठेवला. हातावर ऊन नव्हते. अनाउन्सर लिंबापाशी गेले, कण्हेरीपाशी गेले, झेंडूच्या वाफ्याभोवती फिरले, पेरूखाली उभे राहून वर पाहिले. प्रत्येक फलाट त्यांनी दोनदा तपासला. मग खिडकीकडे तोंड करून, नुकतेच जेवून उठल्यासारख्या आवाजात म्हणाले,

"लक्ष द्या. आज एकही गाडी आलेली नाही. येण्याची चिन्हे नाहीत. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्वस्थ भाव होता. "पेन द्या. आज मी लिहिते."

अनाउन्सरांनी त्यांना कॅलेंडरपर्यंत नेले आणि बोट धरून त्या दिवसाच्या चौकोनावर ठेवले. बाईंनी बोटाच्या आधाराने, सावकाश, चित्र काढावे तसे एक शून्य काढले. ते पुरते गोल झाले होते, पण थोडे कालच्या तारखेत शिरले होते, जिथे 'मोजता आली नाहीत' असे लिहिले होते.

"नीट आलं का?" बाईंनी विचारले.

अनाउन्सरांनी चष्मा खाली आणून पाहिले.

"थोडं कालच्यात गेलंय," ते म्हणाले.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, आणि पेनला टोपण लावून परत खिडकीत जाऊन बसल्या, हात बाहेर ठेवून.